कार्बनच्या जागी

४ मार्च
नोकरी झकास आहे. काचेच्या नळ्या नाहीत, वास नाही. सगळं रसायनशास्त्र संगणकावर. सिलिकॉन, म्हणजे वाळू-काचेतलं मूलद्रव्य, एखाद्या रेणूला भेटलं की कोणता बंध आधी तुटतो, कोणता नंतर जुळतो, हे गणिताने शोधायचं. आमच्या प्रमुख बाईंनी आधीच्या माणसाची खुर्ची दिली आणि त्याच्या फायलीही. आयत्या बिळावर नागोबा झालो. लेक चिमी, वय वर्षं सहा, नव्या घरात जिन्याच्या कठड्यावरून घसरत असते. बायको ओरडते, तीही मलाच.

६ मार्च
नवा रेणू काढत बसायचा कंटाळा आला. आधीच्या माणसाची एक फाईल उघडली, एका कार्बनच्या जागी सिलिकॉन ठेवलं आणि गणित लावून दिलं. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात. फायलींना घरच्यांची नावं द्यायची खोडही सगळ्यांना. त्याने बायकोचं नाव दिलं होतं. मी ते खोडून ‘चिमी’ लिहिलं. एक गणित संपलं की पुढचा कार्बन आपोआप बदलेल अशी साखळी त्यानेच लावून ठेवली आहे. भला माणूस.

९ मार्च
तीन गणितं संपली. चिमीच्या उजव्या हाताची तीन बोटं गार पडलीत, गुळगुळीत, टणक. डॉक्टर म्हणाले, थंडीने असेल.

१० मार्च
चौथं गणित सव्वाअकराला संपलं. अकरा वीसला बायकोचा फोन. चौथं बोट. योगायोग म्हणायला जीभ रेटत नाही. साखळी थांबवून पाहिली, थांबत नाही. फाईल पुसली. परत आली.

११ मार्च
मनगटापर्यंत. चिमी त्या हाताने टेबलावर टकटक करते आणि हसते. मला बघवत नाही.
बाईंकडून आधीच्या माणसाच्या घरचा नंबर घेतला. फोन त्याच्या बायकोने उचलला. अडखळत सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “मी बरी झाले. ह्यांनी क्रिया उलटी चालवली, घेणारा म्हणून स्वतःचं नाव घातलं. माझ्यातून निघालेलं कुठेतरी जायला हवंच ना? चार वर्षं हे खिडकीशी उभे आहेत. मी रोज धूळ पुसते.”

१२ मार्च
कोपर. आता दंड. छातीपर्यंत पोचायच्या आत—
बायकोला सांगितलेलं नाही, अडवेल. भीती वाटते. फार वाटते. पण—

लॅपटॉप घरी आणला. क्रिया उलटी. घेणाऱ्याच्या जागी माझं नाव.
दाबलं.

चिमी मांडीवर. तिचा हात माझ्या डाव्या हातात. ऊब येतेय— हो, येतेय. करंगळी हलली. म्हणते, बाबांचा हात गार लागतो.
बायकोला सांगायचं राहिलं, की— उजवाही आता— पेन धरव