लोण्याची पोरं

प्रिय अक्का, लांबूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे. लाँड्रीतलं काम ठीक चाललंय, जेवण वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत?

आपल्याला जरा लागलं की काळंनिळं पडतं. आई हसून म्हणायची, "माझी पोरं लोण्याची." परवा चादरींची गाडी दंडाला घासली आणि तसाच मोठा डाग उठला. डॉक्टरीणबाईंनी घरच्यांची चौकशी केली. बाबा आणि दादा रक्ताच्या कॅन्सरने गेले हे ऐकून त्यांनी माझं रक्त तपासायला पाठवलं. आपल्या घरात रक्ताचा पिढीजात दोष आहे, अक्का, हे डाग त्याचेच. तो माझ्यात निघाला. "दोष म्हणजे आजार नव्हे, पण लक्ष ठेवायला हवं," असं त्या म्हणाल्या.

"मला काय धाड भरलीय?" म्हणशील. तरी तपासून घे. चिंगीलाही ने, तुझ्या लेकीच्या पोटऱ्यांवरचे डाग मला आठवतात.

देवाचं नाव घेताना तुमचीही नावं घेतो. मग खोलीत बाही वर करून डाग बघत बसतो. इथे मला लोण्याचा म्हणणारं कोणी नाही. उत्तरात तेवढं एकदा लिही.

तुझाच,
धाकटा