खिडकीपुढच्या भिंतीबाबत

तीर्थरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (तू इथे असतीस तर पाय मागे घेतले असतेस याची कल्पना आहे, म्हणून पत्रातूनच उरकतो.) गुडघे कसे आहेत? ताईकडे लिफ्ट आहे, तेव्हा लेकीच्या घरी निदान जिन्याचा त्रास नसेल. भावोजींचा रक्तदाब तू तिथे राहायला गेल्यापासून वाढला की उतरला, असं फोनवर विचारलं की ताई लिफ्टचंच कौतुक सुरू करते. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची कोरी भिंत दिसते असं कळलं. एका भिंतीवर रुसून गेलीस आणि दुसऱ्या भिंतीसमोर जाऊन बसलीस, यावर मी काही बोलणार नाही. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही असा माझा घरापुरता नियम आहे.

तुला परत बोलवायला हे पत्र लिहितोय असा समज मात्र करून घेऊ नकोस. तू जाताना गल्लीत उभी राहून माझ्याबद्दल जे बोललीस ते मला पंप ऑपरेटरनं सांगितलं (पहिला अर्धा भाग त्यानं गाळला, म्हणाला साहेब, तो राहू द्या), आणि त्यावर माझी बाजू मांडावी एवढाच हेतू आहे. येत्या सोमवारी आमचे मोठे साहेब स्वतः इथे फेरतपासणीला येताहेत. ती धड पार पडली नाही तर माझी रवानगी खात्याच्या मोडक्या फर्निचरच्या कोठारात होणार, आणि या गावच्या पाण्याचा कारभार लांबच्या कुठल्यातरी कंपनीकडे जाणार. पण त्याचा आणि या पत्राचा काहीएक संबंध नाही.

आधी माझ्या नोकरीबद्दल. तू लोकांना सांगतेस की मी पोलिसात आहे, आणि तुझ्या जावा सांगतात की मी नळ दुरुस्त करतो. दोन्ही चूक. मी सरकारी सुरक्षा सल्लागार आहे. ज्या गोष्टी बंद पडल्या तर गाव दुपारपर्यंत ठप्प होईल, म्हणजे पाण्याची टाकी, वीज उपकेंद्र, पूल, दवाखाना, त्या आम्ही जाऊन बघतो. चोर कुठून शिरेल, आग कुठे लागेल, एक माणूस आजारी पडला तर काय अडेल, हे सगळं त्या लोकांसोबत बसून काढतो आणि काय करता येईल ते लिहून देतो. करा म्हणून सांगायचा अधिकार आम्हाला नाही. माझ्या हातात ना काठी, ना शिट्टी. लोक चहा पाजतात, मान डोलावतात, गाडीपर्यंत सोडायला येतात आणि आमचा अहवाल पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायला वापरतात. इतकी वर्षं हेच चालत आलंय आणि खरं सांगू, त्यात कुणाचं काही वाईट झालेलं नाही. माझा सल्ला शब्दन् शब्द ऐकणारं पहिलं गाव तुझं निघालं, तिथेच माझे ग्रह फिरले.

कारण तुमच्या नगराध्यक्षा बाई. त्या आधी मुख्याध्यापिका होत्या आणि लिहून दिलेली कुठलीही गोष्ट त्यांना गृहपाठ वाटते. मी लिहिलं होतं की शक्य असल्यास कुंपण बघावं. शक्य असल्यास हे शब्द त्यांनी लाल शाईनं खोडले. मग उंच पत्र्याची भिंत आली, फाटकाला भलंमोठं कुलूप आलं, किल्ली सायकलवाल्याच्या दुकानातल्या खिळ्यावरून निघून बाईंच्या पर्समध्ये गेली, फोटोचे पास आले आणि फोटो जुळल्याशिवाय कुणालाही आत न सोडणारा पहारेकरी आला. (फोटो जुळल्याशिवाय हे माझेच शब्द. मला ते तेव्हा फार आवडले होते.)

आता तुझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. मी तुला अनधिकृत व्यक्ती म्हटलं, हे खरं आहे. पण आत्या, तू पंपघराच्या खिळ्यापासून टाकीच्या शिडीपर्यंत दोरी बांधून चादरी वाळत घालत होतीस. फॉर्ममध्ये प्रश्न असतो की आवारात कोणाचा वावर आहे, आणि ऑपरेटर बिचारा सरळ माणूस, म्हणाला माझा, मदतनिसाचा आणि आत्यांच्या चादरींचा. मी काय लिहायला हवं होतं? दुसरं, शेजारच्या घराच्या खिडकीतून सगळ्या केंद्रावर नजर ठेवता येते, हा धोका आहे, असं मी लिहिलं. ती खिडकी तुझी आहे हे मला ठाऊक होतं, नाही कसं, तिच्याच खाली बसून मी जेवत होतो. आणि तिसरं तू अजून वाचलेलं नाहीस, तेही आजच सांगून टाकतो. त्या जेवणात तू मला वाढता वाढता पंप कधी सुरू होतो, ऑपरेटर कुठे जाऊन बसतो, किल्ली कुठे टांगलेली असते आणि फाटकाची कुठली बिजागरी निखळली आहे हे सगळं आपणहून सांगितलंस. मी अहवालात लिहिलं की एका स्थानिक रहिवाशाकडून संवेदनशील माहिती विनासायास मिळाली. जेवण चांगलं होतं हेही लिहिणार होतो, पण त्याला रकाना नव्हता.

तर भिंत उभी राहिली, तुझ्या खिडकीत अंधार झाला, तुझ्या चादरी पिशवीत घालून, पिशवीला लाख लावून, सही घेऊन तुला परत दिल्या गेल्या आणि त्याच दिवशी तू बॅग भरलीस. इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढचं ताईनं तुला मुद्दाम सांगितलेलं नाही, कारण तुला आनंद होईल आणि आनंद झाला की तुझा आवाज चढतो असं तिचं म्हणणं.

झालं असं. माझ्या फॉर्ममध्ये आणखी एक प्रश्न होता, टाकी भरल्याचं कसं कळतं. ऑपरेटर म्हणाला, कळतं की हो, त्यात काय. मी लिहिलं, यंत्रणा कार्यरत. ती यंत्रणा म्हणजे तू, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी हसलो असतो. टाकीची जुनी घंटा कधीच बंद पडली होती आणि कुणी दुरुस्त केली नव्हती, कारण तुझं कालवण चुलीवर असो की दारात पाहुणे असोत, टाकीच्या तोंडाशी पाणी आलं की तू खिडकीतून अशी काही हाक मारायचीस की न्हाव्याच्या दुकानात वर्तमानपत्र वाचणारा ऑपरेटर बातमी अर्धी टाकून पळत यायचा. हे वर्षानुवर्षं चाललं होतं. तू गेल्याचं त्याला माहीत होतं, पण त्याच्या पायांना माहीत नव्हतं. सकाळी बाईंनी कुलूप उघडून दिलं, त्यानं पंप सुरू केला, काम झाल्यावर आत थांबायचं नाही या नव्या नियमाप्रमाणे बाहेर पडला, बाईंनी पुन्हा कुलूप लावलं, आणि तो सवयीप्रमाणे न्हाव्याकडे जाऊन तुझ्या हाकेची वाट बघत बसला.

हाक काही येईना. वर्तमानपत्र संपलं. न्हावी म्हणाला, रिकामा बसलाच आहेस तर मिशी काढून टाकू, वय झाकेल. हा बसला. मिशी गेली आणि मग न्हाव्याच्या उंबऱ्यावरून पाणी आत आलं तेव्हा याच्या डोक्यात उजेड पडला. धावत फाटकाशी गेला, तर पहारेकऱ्यानं पास मागितला. पासावर मिशी, समोर नाही. पहारेकरी कर्तव्यदक्ष माणूस, म्हणाला हे तुम्ही नव्हे. ऑपरेटर म्हणाला, अरे सकाळी तूच मला आत सोडलंस. तो म्हणाला, सकाळी मिशीवाल्याला सोडलं. बाईंना फोन लावावा, तर त्या शेजारच्या गावी आमचं पाणी किती सुरक्षित आहे यावर भाषण करायला गेलेल्या, फोन बंद आणि किल्ली पर्समध्ये. इकडे पाणी उतारानं वीज उपकेंद्राच्या तारांच्या चरात शिरलं, मोठ्ठा आवाज झाला आणि सगळ्या गावची वीज गेली. वीज गेली म्हणून पंप थांबला, म्हणून पाणी थांबलं. माझ्या सगळ्या बंदोबस्तात कामाला आलेली गोष्ट एवढी एकच.

कुणाला इजा झाली नाही. दवाखान्यात प्रसूतीसाठी आलेली एक बाई होती, तिच्या वेळी नळ कोरडे पडले असते, पण तिथे वेगळी राखीव टाकी आणि जनरेटर ठेवा हा सल्लाही माझाच होता आणि तोही नगराध्यक्षा बाईंनी पाळला होता. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. (हे कुणी बोलत नाही. गावात फक्त मिशीची चर्चा आहे.) कॅमेराही मी सांगितला तसाच बसवला होता, फाटकाकडे तोंड करून. त्यात दोघांचं भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ आलंय, खाली घोट्यापर्यंत पाणी चढताना दिसतंय आणि दोघंही चपला हातात घेऊन मुद्दे मांडताहेत. मोठ्या साहेबांनी ते दोनदा पाहिलं, दुसऱ्यांदा सगळ्या खात्याला बोलावून.

त्यानंतर मी नवीन भोंगा बसवायला लावला. उत्तम प्रतीचा आहे. टाकी भरली की वाजतो, आणि कबुतर बसलं तरी वाजतो. दोन दिवस लोक घराबाहेर आले, तिसऱ्या दिवशी झोपेतल्या पोरानंसुद्धा कूस बदलली नाही. ऑपरेटरला विचारलं, बाबा रे, भोंगा ऐकून तू उठत का नाहीस? तो म्हणाला, साहेब, तो काय नाव घेऊन हाक मारत नाही. आत्याबाई आधी माझं नाव घ्यायच्या, मग माझ्या वडिलांचं, मग वडिलांना काय वाटत असेल ते सांगायच्या. आता याच्यावर मी कुठला सल्ला द्यावा?

असो. माझी बाजू मांडून झाली. गुडघ्यांना जप, ताईच्या शेजाऱ्यांची चौकशी बेतानं कर, भावोजींना नमस्कार सांग.

आपला आज्ञाधारक,
तुझा भाचा
(सुरक्षा सल्लागार)

ता. क. सहज कळवतो. पत्र्याच्या भिंतीला तुझ्या स्वयंपाकघरासमोर एक चौकोन कापला आहे. नकाशात त्याला निरीक्षण झरोका म्हटलंय, म्हणजे साहेबांना हरकत घेता येणार नाही. उंची तुझ्या स्टुलावर बसून मोजली. दोरीही परत बांधली आहे. अहवालात चादरी म्हणजे वाऱ्याची दिशा समजण्याची सोय असं लिहिलंय.

आणखी एक. सोबत तुझा पास पाठवतोय. अधिकृत व्यक्ती असं ठळक अक्षरात छापून घेतलंय, मुद्दाम. फोटो ताईच्या लग्नातला आहे, ज्यात तू फोटोवाल्यावर डोळे वटारले आहेस, कारण दुसरा कुठला फोटो पहारेकऱ्याला जुळला नसता. केस रंगवू नकोस आणि चष्मा बदलू नकोस.

नव्या अहवालात टाकीच्या निरीक्षक म्हणून तुझं नाव घातलंय, ते वाचून साहेबांनी विचारलं होतं, या निरीक्षक बाई तुमच्या कोण? मी म्हटलं, कुणी नाही, स्थानिक रहिवासी. तेव्हा सोमवारी त्यांच्यासमोर मला ठोंब्या म्हणू नकोस. जेवायला बोलावलंस तर दोघांनाही बोलाव. आणि किल्ली कुठे असते ते वाढताना सांगू नकोस.

शेवटचं. हे पत्र मी तुझ्याच ओट्यावर बसून लिहितोय. घराची किल्ली शेजारणीनं दिली, मी पास दाखवला नाही तरी. घरात तुझा आवाज नाही तर मला इथे बसवत नाही, आत्या, खरंच सांगतो. तुला दुखावलं ते चुकलंच. टाकी भरल्याचं कसं कळतं, त्या रकान्यात मला तुझं नाव लिहायला हवं होतं. सध्या दुपारची पाळी मी करतो, झरोक्यातून टाकीकडे बघत. आत्ताही पाणी तोंडाशी आलंय आणि ऑपरेटर न्हाव्याकडे आहे. थांब, हाक मारून येतो.

मारून आलो. आधी त्याचं नाव घेतलं, मग वडिलांचं. एक कुत्रं उठून बसलं. पाणी न्हाव्याच्या दिशेनं निघालंय. सकाळच्या पहिल्या गाडीनं ये.

ठोंब्या