स्नेहलने लावलेल्या पत्रिका

मी, मंदाकिनी गंगाधर पिंपळापुरे, वय वर्षे बहात्तर, इंग्रजीची निवृत्त प्राध्यापिका, राहणार समता कॉलोनी, रायपूर, छत्तीसगड, माझ्यामागची व्यवस्था आज लावून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉ. निरंजन देव यांचा दाखला सोबत जोडला आहे. डोळे मात्र गेल्यात जमा, म्हणून मी सांगते आणि शेजारच्या मीराताई घाटे लिहितात. मला कोणी भरीला घातलेले नाही. वकिलांनी हिंदीत करा म्हणून सुचवले होते, ते मी ऐकले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर माझ्या नावावर आहे, ते मुलगा अभिनव यास द्यावे. रायपूर राजधानी झाल्यापासून समोरचा रस्ता दोनदा रुंद झाला आणि दुसऱ्या खेपेला माझे लिंबाचे झाड गेले. मी रडले तर अभिनव म्हणाला, "आई, लिंबू तो बाजार में मिलता है." मागचे कढीलिंबाचे झाड त्याने तोडू नये. ही अट कायद्यात टिकत नाही असे वकील म्हणतात. तरी मीराताई, लिहा.

२. बँकेतली ठेव अभिनवची, दागिने सून रूपालीचे. शिलाई मशीन आणि माझी पलंगपेटी गुढियारी वस्तीतून कामाला येणाऱ्या कलावतीला द्यावी. तिने बावीस वर्षे हे घर झाडले, पण माझ्या अभ्यासाच्या डब्यांना एकदाही हात लावला नाही. तेवढी अक्कल या घरात फक्त तिलाच होती.

३. आईचे पितळी पुरणयंत्र माझी नागपूरची बहीण शांता हिला द्यावे. ते तिला १९८९ पासून हवे होते. तेव्हा वीस बायकांसमोर ती म्हणाली होती, "मंदे, तुले कायले पाह्यजे पुरणयंत्र? तुमच्या तिकडं तं मराठीच उरली नाही." त्यानंतर अकरा वर्षे मी तिच्या दारात पाऊल टाकले नाही. आता न्यावे तिने. बोलली ते खरेच होते, पण चारचौघांत बोलायला नको होते.

४. आता पत्र्याच्या अकरा डब्यांविषयी. उत्तर समुद्राच्या काठी फ्रिजियन नावाची एक लहान भाषा आहे. तिची सख्खी बहीण इंग्रजी. त्यांच्या जर्मन नातलगांत मेंढीला 'शाफ' म्हणतात आणि झोपण्याला 'श्लाफन'. या दोन बहिणींकडे मात्र तो 'आ' जिभेने पुढे सरकवला आणि त्याचा 'ए' झाला: जुन्या फ्रिजियनमध्ये 'स्केप', 'स्लेपा'. इंग्रजीतही आधी तसेच, मग पुढे 'शीप' आणि 'स्लीप'. माझा प्रश्न एवढाच होता की हा बदल दोघी एका घरात असताना झाला, की इंग्रजी समुद्रापलीकडे नांदायला गेल्यावर, जिच्या तिच्या घरी? एका घरात असतानाच, असे मी सदतीस वर्षे मानत आले. परदेशच्या नियतकालिकाने माझा लेख 'पुरावा नाही' म्हणून परत केला. मी ते देश कधी पाहिले नाहीत.

प्रत्येक शब्दासाठी एक कार्ड लागे. कॉलेजने कार्डे दिली नाहीत. माझे पती रेल्वेत होते, त्यांना कचेरीभरच्या लग्नपत्रिका येत. त्यांची मागची बाजू कोरी असे, तिथे मी लिहीत गेले. कापून सारख्या करू म्हटले तर हे म्हणाले, "मंगल पत्रिकेला कात्री लावू नये." म्हणून लहानमोठ्या, हळदीकुंकू लागलेल्या, जशाच्या तशा राहिल्या. माहेरच्या, सासरच्या, सगळ्यांच्या. पंचेचाळीस वर्षांत साडेचार हजार झाल्या असतील. सगळ्या या अकरा डब्यांत स्वरांच्या क्रमाने लावलेल्या होत्या.

५. होत्या, असे लिहा. मागच्या दिवाळीत नात स्नेहल मला मदत करायला बसली. मी चार दिवस तापाने पडून होते. उठले तेव्हा अकराही डबे नव्याने लागलेले होते. "आजी, सब उल्टा-पुल्टा था. मैंने शादी के साल से लगा दिया!" मी म्हटले, "पोट्टी, हे काहून केलं तू?" ती घाबरली. "आपको अच्छा नहीं लगा?" मला अक्षरांचे आता नुसते डाग दिसतात. पुन्हा लावणे या जन्मी होणार नव्हते. तिच्यावर ओरडावे एवढेही बळ मला आले नाही. खूप छान केलंस, म्हटले आणि मोरीत जाऊन रडले.

मग तिला म्हटले, पुढची बाजू वाच. तिने आठ दिवस वाचल्या. पहिल्या तीन डब्यांत आपल्या लोकांच्या सगळ्या मराठी. चौथ्यात मराठीखाली हिंदी. सातव्यात हिंदीखाली मराठीच्या दोन ओळी. नवव्यात वर मराठीत फक्त कुलदैवताचे नाव. दहाव्यात शांताच्या नातवाची पत्रिका निघाली, नागपूरची, अथपासून इतिपर्यंत इंग्रजी. तिच्या घरी एक झाले, माझ्या घरी दुसरे. आपापल्या घरी झाले आणि एकीने दुसरीला कळवलेसुद्धा नाही. हा पुरावा कोणी मानणार नाही, मला मात्र पटले की त्या दोन भाषांचेही असेच झाले असेल. दीड हजार वर्षांपूर्वीच्या लोकांच्या तोंडात डोकावत मी पंचेचाळीस वर्षे बसले. हातातले कार्ड एकदा उलटून पाहिले नाही.

६. हे अकरा डबे स्नेहलला द्यावेत. तिने लावलेला क्रम आता कोणी मोडू नये. घरात अडचण झाली तर रद्दीत द्यावेत, मी कोणाला दोष देणार नाही.

शेवटची पत्रिका तिच्या स्वतःच्या लग्नाची आहे, येत्या फेब्रुवारीतली. गेल्या आठवड्यात छापून आली. तिच्यात मराठीची एकही ओळ नाही. मी विचारले तर म्हणाली, "आजी, मराठी अब पढ़ेगा कौन?" ती पत्रिका मी अकराव्या डब्यात सगळ्यांत मागे ठेवली आहे. तिची मागची बाजू कोरी आहे, ती तशीच राहू द्यावी.

वरील सर्व मीराताईंनी मला दोनदा वाचून दाखवले. सांगितले तेच लिहिले आहे. सही कुठे करायची ते बोट धरून दाखवले, तिथे केली.

मंदाकिनी गंगाधर पिंपळापुरे

आमच्यादेखत सही झाली, आम्ही त्यांच्यादेखत केली:
१. डॉ. निरंजन देव, समता कॉलोनी
२. मीरा नरहर घाटे, समता कॉलोनी (लेखनही माझेच)

रायपूर, दि. ९ जानेवारी २०१४