देवाच्या माहेरचा माणूस

३ मार्च
आई गेली. मुख्याध्यापकांच्या खोलीत फोन आला. भाऊ म्हणाला, "तू येईपर्यंत थांबता येणार नाही रे." बरोबरच आहे. दोन विमानं, वर एक बोट. फोन ठेवला आणि सातवीच्या वर्गावर गेलो. अपूर्णांक शिकवले. कोणाला काही बोललो नाही.

५ मार्च
पुढच्या आठवड्यात गावदेवाचा रथ. या बेटावरच्या लोकांचे पणजोबा आपल्या देशातून बोटीने इथे आले. मी परवा-परवा विमानाने. म्हणून मी देवाच्या माहेरचा माणूस! पुजारी घरी आला. "गुरुजी, तुमच्याकडे रथाला माळा कुठून बांधतात हो? उजवीकडून?" मी गणिताचा मास्तर. देवळात गेलो तो फक्त परीक्षेच्या आधी. ठोकून दिलं, उजवीकडून. शंभर वर्षं डावीकडून बांधत होते बिचारे!

६ मार्च
माळा उजवीकडून. झालो धर्मसुधारक.

८ मार्च
घरमालकीण मावशींनी कोरं धोतर आणून दिलं. "रथाचा दोर यंदा आधी तुम्ही धरायचा. मग गाव." वा! परदेशी पाहुण्याचा केवढा हा मान! सुतकातला माणूस देवाच्या दोराला हात लावणार. आई असती तर काय म्हणाली असती — पण आई असती तर सुतकच नसतं.
नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागेल. कारण दिलं की रडू येईल. धोतर घेतलं.

१० मार्च
सराव केला. धोतर दोनदा सुटलं. शेवटी वरून पट्टा. शोभा!

११ मार्च
नववा दिवस. दोर धरला. सगळं गाव एकदम गप्प. ढोलसुद्धा थांबले. मला वाटलं, पट्टा दिसला! ओढला. चाक हललं, तसे सगळे धावले दोराला. कोणीतरी पाठीवर हात ठेवला.
देवाला फसवलं, गावाला फसवलं. एका दिवसाच्या मानाने चांगली कामगिरी.

१२ मार्च
राहवलं नाही. मावशींना सांगून टाकलं — आई गेली, मी सुतकात आहे, तुमचा रथ बाटवला.
त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. "ठाऊक आहे आम्हाला. मुख्याध्यापकांकडून त्याच दिवशी कळलं. ज्याच्या घरचं माणूस यंदा गेलं, दोर आधी त्याचा. आमची रीत आहे. नाहीतर मास्तराला कोण विचारतंय?"
तांदळातला एक खडा काढून टाकला. म्हणाल्या, "नाव काय होतं आईंचं?"
सांगितलं.