कामाचं चालणं

आई,

परवा माझी तपासणी झाली. ऑफिस वर्षातून एकदा करायला लावतं. उपाशीपोटी जायचं, रक्त द्यायचं आणि मग थंडगार खोलीत डॉक्टरीणबाईंसमोर बसायचं. त्यांनी विचारलं, “व्यायाम करता?” मी म्हटलं, “हो, रोज चाळीस मिनिटं चालते.” बाई इतक्या खूश झाल्या की मला वाटलं, आता हातावर खडीसाखर ठेवतात. दिवसभर खुर्चीत बसायचं, गाडीने जायचं, लिफ्टने वर यायचं, स्वयंपाकाला बाई ठेवायची आणि संध्याकाळी चाळीस मिनिटं चालायचं, याची ही शाबासकी. बाहेर आले आणि तुझी आठवण आली. खरं सांगायचं तर आधी राग आला, तो कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून तुला लिहायला बसले आहे. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. राग काढायला तेवढं अंतर बरं पडतं.

लालबागचा तो दवाखाना आठवतो ना तुला? मीच तुला ओढत नेलं होतं. जिना चढताना तुला धाप लागायची हे तू कुणाला सांगितलंच नव्हतंस. एका पहाटे दुसऱ्या मजल्याच्या वळणावर हंडा कठड्याला टेकवून, डोळे मिटून उभी असलेली दिसलीस, तेव्हा मला कळलं. साखर निघाली, रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “काही व्यायाम वगैरे?” तू माझ्याकडे पाहिलंस. व्यायाम हा शब्द तुझ्या लेखी तालमीतल्या पोरांचा. आणि मी, विमा कंपनीत नुकती चिकटलेली, दोन वाक्यं इंग्रजीत बोलता येतात म्हणून शेफारलेली, तुझ्या वतीने बोलून मोकळी झाले, “नाही हो, काहीच नाही.” काहीच नाही! पहाटे पाचला तळमजल्याच्या नळावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत पाण्याच्या सहा-सात खेपा. बाबांची गिरणी बंद पडल्यापासून धरलेली प्रभादेवीची चार घरं, तिथे उभ्याने पोळ्या, जाताना चालत, येताना चालत. परत आलीस की गावाकडून एकट्या आलेल्या माणसांची खानावळ, तीही आपल्याच दहा बाय बाराच्या खोलीत. हे सगळं मी रोज बघत होते आणि तरी म्हणाले, काहीच नाही. डॉक्टरांना मी दोष देत नाही. बाहेर बाकांवर पेशंट दाटीवाटीने बसले होते. “मग रोज अर्धा तास भरभर चालायचं,” असं म्हणून त्यांनी पुढचा नंबर पुकारला. तू मान हलवलीस.

घरी आल्यावर मात्र तू बोललीस. तू स्टोव्हपुढे बसली आहेस, तव्यावर भाकरी फुगते आहे, आणि माझ्याकडे न बघता विचारते आहेस, “माका कित्याक गो आणखी चालूक व्हया? मी काय दिसभर बसान असतंय?”

“आई, ते कामाचं चालणं. ते धरत नाहीत. व्यायामाचं चालणं वेगळं असतं.”

“धरत नाय म्हणजे? पाय तेच ना माझे?”

रविवारच्या पुरवणीत मी तसं वाचलं होतं, एवढंच. मग मी पहिल्या बोनसमधून तुझ्यासाठी बूट आणले. पांढरे, निळ्या पट्ट्यांचे, जाड मोजे घालता यावेत म्हणून एक नंबर मोठे. नाडी बांधायला तुला जमेना, तू परकराच्या नाडीला मारतात तशी घट्ट गाठ मारलीस. लुगड्याखाली ते बूट घालून निघालीस तेव्हा सगळी गॅलरी हसली. शेजारची काकू ओरडली, “काय गो, रेसला चाललीस काय?” तू हसत हसत जिना उतरलीस. मग रोजच संध्याकाळी साडेसहाला, डबे भरून झाले की निघायचीस आणि रात्रीच्या जेवणाच्या घाईआधी परत यायचीस. “चालान इलंय गो,” म्हणायचीस. चेहरा अगदी तरतरीत दिसायचा. मी ऑफिसात मुद्दाम विषय काढून सांगायचे की माझी आई रोज वॉकला जाते. तेव्हा मला वाटायचं, आपलं घर आता सुधारलं.

मग तो सुट्टीचा दिवस. मी मैदानाच्या बाजूने येत होते आणि तू कट्ट्यावर बसलेली दिसलीस. बूट काढून शेजारी नीट जोडून ठेवलेले, पाय लांब केलेले, हात मांडीवर मोकळे. ना निवडायला भाजी, ना पुसायला ताट. समोर पोरं काहीतरी खेळत होती, पण तू त्यांच्याकडेही बघत नव्हतीस. मी तुला रिकाम्या हातांनी बसलेलं त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं. मला तिथेच कळायला हवं होतं. तुझ्या शेजारी पाच मिनिटं टेकायला हवं होतं. त्याऐवजी मी चारचौघांत तुझ्यावर खेकसले, “इथे बसायला येतेस होय तू? मग बूट कशाला आणलेत मी?” चोरी पकडली जावी तशी तू गडबडीने उठलीस. “आत्ताच बसललंय गो, उठतंय,” म्हणालीस आणि ओल्या डोळ्यांनी नाडीची गाठ शोधत राहिलीस. दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसातून लवकर निघून तुझ्याबरोबर यायला लागले. मी पुढे, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. तू अर्धं पाऊल मागे, निऱ्या मुठीत धरून.

चार महिन्यांनी एका पहाटे त्याच वळणावर हंडा सुटला आणि गडगडत खालपर्यंत गेला. आम्ही खाली धावलो तेव्हा तू पायरीवर बसली होतीस. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. असेलही. चालण्याने तू गेलीस असं मी म्हणत नाही. पण दिवसातला तो अर्धा तास, जो तुला डॉक्टरांच्या नावावर मिळाला होता, तेवढाच काय तो तुझा होता. तो मी काढून घेतला. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

आता मी लोअर परळला नवव्या मजल्यावर राहते. आमच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोठ्या गच्चीवर, चालायला मऊ पट्टा आहे, कडेने झाडं लावली आहेत, बाकं आहेत. माझ्याकडे पोळ्यांना घोडपदेवहून एक मावशी येतात. या इमारतीत सहा घरं करतात. कामवाल्यांची लिफ्ट दोन महिने बंद आहे आणि आमच्या लिफ्टने त्यांना येऊ देत नाहीत, म्हणून गुडघ्यांवर हात ठेवत जिन्याने चढतात. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा हे काढलं, सगळ्यांनी ऐकून घेतलं, मग पार्किंगचा विषय निघाला. गेल्या रविवारी सोसायटीने काम करणाऱ्यांसाठी तपासणीचं शिबिर ठेवलं. फॉर्म भरायला मी बसले होते. मावशी समोर आल्या. मी विचारलं, “व्यायाम करता का?”

त्या खळखळून हसल्या. “काय ताई, थट्टा करता काय गरिबाची? तुम्हीच लिवा काय ते.”

फॉर्मवर दोनच चौकोन होते, हो आणि नाही. समासात मला वाटेल ते लिहिता आलं असतं, पेन माझ्याच हातात होतं. मागे रांग होती. मी ‘नाही’वर खूण केली. डॉक्टर तरुण मुलगा होता, कागद बघून प्रेमाने म्हणाला, “मावशी, रोज थोडं चालत जा हं.” त्यांनी मान हलवली, तुझ्यासारखीच.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? चाळ पाडली, तो पत्ता आता कुणालाच लागणार नाही. वहीतच राहील. पण एवढं लिहिलंच आहे तर कालचंही सांगते. काल संध्याकाळी माझ्या फेऱ्या चालू होत्या. मावशी कामं आटपून पोडियमवर आल्या होत्या. एका बाकावर चपला काढून, पाय लांब करून बसल्या होत्या. वॉचमन आला, “ओ मौसी, उठो. इधर बैठने का नहीं, मेंबर लोग का है.” त्या म्हणाल्या, “अरे, डॉक्टरनी चालायला सांगितलंय मला,” आणि माझ्याकडे बघितलं. मी दहा पावलांवर होते. “बसू दे त्यांना,” एवढंच म्हणायचं होतं.

मी ओळखीचा हात हलवला आणि पुढे गेले. माझी अजून अकरा मिनिटं राहिली होती.