दर्यावर्दी, अंक चौदावा

रविवार, ७ मार्च १९९९

आज सकाळी देवपूजा न करता घराबाहेर पडलो. आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदा.

जास्वंदी काढत होतो, तेवढ्यात फोन. बंडू. शाळेपासूनचा मित्र, आता आरे-वारेच्या रस्त्याला त्याची आंब्याची बाग आहे. म्हणाला, "शांत्या, तुझी ती चित्रांची पुस्तकं बायका पेट्यांत घालतायत. येणार असलास तर आत्ता ये." परडी ओट्यावर तशीच ठेवली आणि स्कूटरला किक मारली. हिनं विचारलं कुठं, तोवर मी रस्त्याला लागलो होतो.

शेडमध्ये पेट्या भरणं चालू होतं. तळाला रद्दी, वर पेंढा, मग आंबा. रद्दी खेडहून आणलेली. मी ढिगात मांडी घालून बसलो. वर्तमानपत्रं, जुने दिवाळी अंक, कुणाची तरी गाइडं. आणि मग एका चित्रात गलबताचं ते भगवं शीड दिसलं.

दर्यावर्दी. अंक १४!

म्हणजे अर्धा. पान १७ पासून शेवटापर्यंत. मुखपृष्ठासकट पहिली सोळा पानं कालच्या पेट्यांत जाऊन बसली असणार, आणि ट्रक काल संध्याकाळीच वाशीला गेला. पानं छातीशी धरून बसलो. पेट्या भरणारी एक काकू म्हणाली, "भाऊ, नोट गावली काय?"

अंक १३ वाचला तो गावच्या शाळेच्या पडवीत, सातवीत असताना. शेवटच्या चित्रात तांडेल, म्हणजे दर्यावर्दीचा सगळ्यात विश्वासाचा माणूस, गलबत चाच्यांच्या हाती देतो आणि होडीतून पळतो. दर्यावर्दी खाली, साखळीत. खाली लिहिलेलं, पुढील अंकी. तो पुढचा अंक गावात आलाच नाही. त्यानंतर जत्रेतले स्टॉल, रद्दीची दुकानं, बोर्डिंगातली पोरं, कुठं कुठं हिंडलो. बाकीचे सगळे अंक जमले. दुबार आलेले विकले, त्या पैशांत दुसरी कॉमिक्स आणली, पुन्हा विकली. १४ मात्र नाही.

तिथंच पान १७ उघडलं. बेटावर, वाळूत दोघं बसलेत. दर्यावर्दी आणि तांडेल. एका ताटात जेवतायत.

पुस्तक मिटलं. हे कसं झालं? त्या माणसाबरोबर एका ताटात?

पूजा दुपारी केली. देवाला आधी हेच सांगितलं.

सोमवार, ८ मार्च

पान १७ ते शेवट, चार वेळा वाचून झालं. पुढं दोघं मिळून गलबत परत मिळवतात. झकास आहे. पण तांडेलाला माफ केलं कुठं, कसं, त्याचा एका शब्दानंही उल्लेख नाही. ते सगळं आधी होऊन गेलेलं.

बंडूकडून नंबर घेऊन वाशीच्या दलालाला फोन. त्याला वाटलं मालाची तक्रार आहे. माल एक नंबर होता, डाग नव्हता, असं सांगत सुटला. मी म्हटलं, मला तळाचा कागद हवाय. मग म्हणाला, पेट्या उघडल्या, कागद कचऱ्यात गेला, आणि तुम्ही नक्की कोण बोलताय?

ही म्हणाली, "तुम्हाला अर्धं मिळालं ते दिसतच नाही. काल सकाळपासून न मिळालेल्याचंच चाललंय."

बुधवार, १० मार्च

दुकान बंद ठेवून खेडला. नव्या रेल्वेनं. रद्दीवाल्याला सगळं सांगितलं. भला माणूस, त्यानं अख्खा ढीग उपसू दिला. तो गठ्ठा कुणाकडून आला ते त्याला आठवेना. पहिली सोळा पानं नाहीत. दर्यावर्दी ९ मिळाला, माझ्याकडच्यापेक्षा स्वच्छ. हिंदीतले जादूगाराचे दोन. नाकाशी धरून आलो सगळी वाट. समोरचा प्रवासी जागा बदलून बसला.

रविवार, १४ मार्च

दुकानाबाहेर नेहमीसारखी जुन्या कॉमिक्सची सतरंजी अंथरली. गिऱ्हाईक बरं. एक गृहस्थ मुलासाठी घ्यायला आले आणि उभ्या उभ्या स्वतःच तीन वाचून काढली. मुलगा कंटाळून नळाशी खेळत बसला. माझा जुना दर्यावर्दी ९ त्यांनाच दिला.

अकराच्या सुमारास इब्राहीमभाई. राजीवड्याचे, जन्म बोटीवर गेला. पहिल्या बोटीवर चढताना मुंबईत घेतलेला अंक १४ त्यांनी पानं सुटेपर्यंत वाचलाय. ओळख झाली तेव्हापासून हे एकच हत्यार. चहाला उशीर झाला की म्हणायचे, "सांगू काय चौदाव्यात काय होतं?" मी दोन्ही कान दाबायचो. ऐकलं की संपलं. त्यांचं चित्र माझ्या डोळ्यांत बसणार, मग माझं मी कधी पाहणार?

आज त्यांच्या हातात अर्धा अंक दिला. कागदावरून बोटं फिरवत राहिले. "हाच तो. ही होडी बघ, हिचं वल्हं उलटं काढलंय. तेव्हा पण मी हसलेलो." मग म्हणाले, "सांगू काय?" मी कान दाबले. ते हसले नाहीत. खुणेनं हात खाली घ्यायला लावले. दहा एप्रिलला दुबईला चाललेत, मुलाकडे, कायमचे. इथलं घर पुतण्या बघणार.

"मग तुला कोण सांगेल, शांताराम?"

म्हटलं, पानं मिळतील कुठं तरी. पाहू.

गुरुवार, २५ मार्च. रामनवमी

देवळात कीर्तन. बुवांनी लावलेली कथा सगळ्यांना तोंडपाठ. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बुवांच्या आधी ओठ हलवत होत्या. तरी रडायच्या ठिकाणी सगळे रडले, मीही. मध्येच बुवांनी देवादिकांना फणसाची भाजी वाढली. कुणी उठून विचारलं नाही की ही कुठल्या पोथीत आहे.

प्रदक्षिणा घालताना तेच डोक्यात. इथं इतकी वर्षं कान उघडे ठेवून बसतो, आणि तिकडं दाबतो.

गुरुवार, १ एप्रिल

राजीवड्याला गेलो. बॅगा भरणं चालू, माणसं बसलेली. बोलणं आंब्यावर गेलं, मग दुबईतल्या उकाड्यावर. उठून आलो.

ही: "विचारलंत?"
मी: "यंदा आंबा कमी आहे म्हणाले."
हिनं ताक ठेवलं पुढ्यात.

बुधवार, ७ एप्रिल

पूजा केली आणि सरळ राजीवडा. वाटेत कुठं थांबलो नाही. इब्राहीमभाई ओटीवर एकटेच होते. उभ्या उभ्याच म्हटलं, सांगा.

त्यांनी आधी चहा सांगितला. मग सुरुवात केली, आणि काय सांगू! उठून उभे राहिले. साखळी तोडताना खांबाला लाथ मारली, घरातून पुतणसून बघायला आली. वादळ आलं तेव्हा त्यांनी माझी बशी उचलून डोक्यावर धरली. गलबत मध्येच बसऱ्याला लागलं. तिथं खजूर विकणारी एक म्हातारी. पुढं दर्यावर्दीची दाढ दुखायला लागली, ती चांगली चहा संपेपर्यंत दुखली.

म्हटलं, इब्राहीमभाई, हे पुस्तकात होतं?

"तू ऐकायला आलास की तपासायला?"

हसू आवरत नव्हतं. शेवटी होडी उलटली, बेट आलं. दोघं दोन टोकांना बसलेले, एकमेकांकडे पाठ. आणि इब्राहीमभाई थांबले.

मी विचारलं, "मग? ताटात कसे आले?"

"कसे म्हणजे? वाचले दोघं आणि ताट वाचलं एक. एकानं जेवायचं नि दुसऱ्यानं बघायचं, किती दिवस चालंल?"

"माफी मागितली की नाही त्यानं?"

खाडीकडे बघत राहिले. "आमच्या बोटीवर असाच एक होता, त्यानं नव्हती मागितली. पुस्तकात मागितली असंल. आता दोन्ही येगळं करता येत नाय मला."

यापुढं मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

घरी आलो तर ही दारातच. "मग काय झालं त्या तांडेलाचं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं हे विचारलं. पान वाढ म्हटलं, आणि जेवता जेवता सांगायला लागलो. बसरा मी गाळला. दाढदुखी ठेवली.