सातचं जेवण आणि नऊचं जेवण

पंचवटी, नाशिक
१९ फेब्रुवारी १९९९

ती. सौ. छायाताईंना,

भावजयीचा, सुवर्णाचा, वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, नामपूरच्या बाजारातला दाजींचा कांदा (भाव पडला की त्यांचाही आवाज पडतो, म्हणून विचारते) आणि साईचा अभ्यास, तिन्ही बरे असतील असं धरून चालते. इकडे सगळे खुशाल असं लिहायची पद्धत आहे, पण मी आठवडाभर धक्क्यात आहे, तेव्हा तेवढं वाक्य तुम्हीच मनात म्हणून घ्या.

तुमच्या भावाचं (म्हणजे माझ्या वाट्याला आलेल्या भावाचं) पित्त तुम्हाला नवं नाही. छातीत जळजळ, तोंडाला आंबट पाणी, उशाशी सोड्याची पुडी. दिवाळीनंतर घास गिळताना दुखायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून आत पाहिलं. अन्ननलिकेला जखमा झाल्यात म्हणाले. गोळ्या दिल्या आणि बजावलं, की आंबट असंच वर येत राहिलं तर अन्ननळी आखडेल, मग साधा घाससुद्धा अडकेल. त्या दिवसापासून आमच्याकडे तिखटाचा डबा वरच्या फळीवर गेला. जुन्या तांदळाचा भात, मुगाचं वरण, दुधी. दुसऱ्या दिवशी दुधी, मुगाचं वरण. सनीला जेवायला हाक मारली की तो आधी विचारतो, आज कोण आजारी आहे. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटाही लावल्या. त्याने छाती वर राहते हे खरं, पण पहाटेपर्यंत आम्ही दोघं घसरून पायथ्याशी गोळा होतो (मला पित्त नाही, तरी घसरावं लागतं).

तरी जळजळ हटेना, म्हणून गेल्या गुरुवारी यांना वैद्यबाईंकडे नेलं. वैद्य म्हटल्यावर मी पांढऱ्या दाढीची तयारी ठेवली होती. निघाली माझ्या धाकट्या जावेएवढी, आपल्या ज्ञानेशच्या राखीएवढी पोरगी, स्कूटीवरून येणारी. तिने नाडी पाहिली, जीभ पाहिली, नळीवाल्या डॉक्टरांचा रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला, त्यांच्या गोळ्या अजिबात सोडायच्या नाहीत म्हणून दम दिला आणि जोडीला शतावरीचं दूध, ज्येष्ठमध, मोरावळा, धन्याचं पाणी सांगितलं. बाई मला पटली. मग तिने विचारलं, संध्याकाळी जेवता किती वाजता. मी म्हणाले, नऊ. त्याच वेळी हे म्हणाले, सात. बाईने पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "तुमच्यातलं नक्की आजारी कोण आहे?"

ताई, यांनी तिथेच, स्टुलावर बसून, सगळं कबूल केलं. ओझरच्या कारखान्याची बस आडगावला थांबते. आम्ही तिथल्या घरातून वेगळे निघाल्यापासून हे मळ्यातली भाजी आणायला उतरतात, असं मी समजत होते. भाजी आणतातही. पण आधी आईंसमोर (तुमच्या जन्माच्या, माझ्या लग्नाच्या) बसून पोटभर जेवतात. काळ्या मसाल्याचं वांगं, बाजरीची भाकरी, वर ठेचा. आणि घरी येऊन नऊला माझा दुधी, तोही चेहऱ्यावर काही न दाखवता. मी इकडे पोराला मिरचीचा वास लागू देत नाही आणि रोगी तिकडे ठेचा मागून घेतोय. आईंना आजाराचं सांगितलेलं नाही, त्यांना घोर लागेल म्हणून. मला जेवणाचं सांगितलेलं नाही, मी चिडेन म्हणून. आईंना दिसतंय की पोरगं वाळत चाललंय, म्हणून त्या आणखी वाढतात. वैद्यबाई म्हणाली, आधीचं पचलेलं नसताना वर जेवायचं याला आमच्या शास्त्रात अध्यशन म्हणतात, तुमच्या पित्ताचं मूळ तेच. मी म्हटलं, आमच्यात त्याला वेगळं म्हणतात (काय ते लिहीत नाही, पत्र दाजीही वाचतात).

बाईने निक्षून सांगितलंय: संध्याकाळी एकदाच, दिवेलागणीला, एकाच घरी. जमत नसेल तर माझं औषध घेऊन माझं नाव घालवू नका. दुसऱ्या दिवसापासून यांचं आडगावला उतरणं मी बंद केलं. आईंना ओव्हरटाइम कळवलाय. आणि मंगळवारी मी स्वतः आडगावला गेले, काय ते तोंडावर सांगून सोक्षमोक्ष लावायला. दोन घरं मिळून एका माणसाची नळी जाळणार असतील, तर कुणीतरी वाईट व्हायलाच हवं. ते मी झाले. आता तुम्ही काळजी करू नये.

तुमची,
सुवर्णा

ता. क. सोक्षमोक्ष लागलेला नाही. मी दारात पोचले तर आई चुलीपाशी. माझ्या मागे कुणी येतंय का ते बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो नाय आला? बस तू. त्याचं काढून ठेवलंय." बोलायला म्हणून मी तोंड उघडलं, आणि त्यात भाकरी गेली. वांगंही गेलं, ठेचाही गेला. घरी आले तर हे माझ्यासाठी दुधी-भात झाकून बसलेले. तोही खाल्ला, चेहऱ्यावर काही न दाखवता. मग छातीत आग पडली आणि यांच्या ज्येष्ठमधातलं दोन चमचे घ्यावं लागलं. यातलं यांना काही ठाऊक नाही.

ता. क. दुसरा. आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आईंना तुम्ही पत्र घाला. लेकाच्या जखमेचं तुम्हीच कळवा, तुमचं त्या निवांत ऐकून घेतील. आणि पुढे लिहा, की रोग्याने सातला, एकदाच, पंचवटीच्या घरी, आईच्या शेजारी बसून जेवायचं, असं वैद्यबाईचं पथ्य आहे. ज्ञानेशने त्यांना मोटरसायकलवर आणून सोडावं. असं पथ्य नाही. पण मी बाईला विचारलं, ती म्हणाली, माझ्या नावावर खुशाल लिहा. सुनेकडे रोज जेवायला यायला आईंना अवघड वाटेल, पोराच्या औषधासाठी त्या अनवाणी येतील. माझं नाव कुठे घालू नका. पत्र मात्र आजच्या आज टाका. काल राखी भेटली होती. ती नि ज्ञानेश त्याच घरात, पण टीव्हीपुढे उशिरा जेवतात, म्हणून तिलाही आत्ताच कळलं. आई अजून रोज सातला दोघांच्या भाकरी करतात, अंधार पडेपर्यंत रस्त्याकडे बघत बसतात आणि सकाळी त्या गाईला घालतात. स्वतःच्या वाट्याचीसुद्धा.